सवारी न उठलेलं गाव

लातूरहून नांदेडची सकाळची बस धरली तेव्हा माझ्या पिशवीत एक टाइप केलेलं निवेदन होतं आणि डोक्यात संताप. निवेदनावर दोनच सह्या हव्या होत्या, एका हिंदूची आणि एका मुसलमानाची. गाव धर्माबादच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला टेकलेलं. त्याचं नाव लिहीत नाही. माणसांची नावंही बदललीत. मागच्या वर्षी खरी लिहिली होती, म्हणून तर हा प्रवास करावा लागला.

त्या गावच्या आशुरखान्यातली (मोहरमचे पंजे बसवतात ती खोली) सवारी, म्हणजे काठीवर बांधलेला चांदीचा पंजा, किशनमामांच्या घरानं उचलायची, असा तिथला शिरस्ता. किशनमामा हिंदू शेतकरी. त्यांच्या घरचा माणूस आला नाही, तर पंजा पेटीतून निघतच नाही. मागच्या मोहरमला हे पाहून मी हरखले. सलोख्यासाठी काम करणाऱ्या आमच्या गटानं पत्रक काढलं. नाव, गाव, फोटो, सगळं छापलं. ते मोबाईलवर फिरलं. एकीकडचे म्हणाले, हा आपला माणूस त्यांचा देव कसा उचलतो? दुसरीकडचे म्हणाले, हा धर्मच नव्हे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे याच एका गोष्टीवर एक झाले. यंदा सवारी उठणार नाही, असं कळलं आणि मी निघाले.

दुपारी नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये जेवले. पोळी, घट्ट डाळ, थोडी खीर. शेजारी हिमायतनगरची एक बाई होती. माझं ताट रिकामं दिसताच तिनं वाढणाऱ्याला हाक मारली. "हिला वाढा अजून! घे की गं, लाजून राहिलीस व्हय?" नाव विचारलं नाही, गाव नाही, जात नाही. माझ्या आजोबांनी धम्म घेतला. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येकाला 'तुम्ही कोण?' हा प्रश्न पाठ आहे. भाड्याची खोली बघायला गेलं की तो दारातच उभा असतो. इथं तो नव्हता. बाहेर आले, स्टेशनसाठी रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं मान वळवली. "ताई, आडनाव काय म्हणलात?" मी काहीच म्हणाले नव्हते. पंगतीपासून रस्त्यापर्यंतच आपली माणुसकी टिकते, एवढं मी वहीत लिहिलं.

धर्माबादला गाडीतून उतरले आणि तिथल्या बाजारातून जीप मिळाली. मागे मिरच्यांची पोती. गाव येईपर्यंत शिंकून शिंकून डोळे सुजले. ड्रायव्हर खूश. "शिंका अक्का (ताई), जोरात शिंका. गिऱ्हाइकाला कळू द्या माल कडक हाय ते." बाहेर नांगरून पडलेली काळी रानं, वर कोरडं आभाळ. हसू आलं नाही.

किशनमामांच्या अंगणात पाऊल ठेवलं आणि त्यांच्या बायकोनं, रुक्मिणमामींनी, स्वागत केलं.

"आली का फोटोवाली! तुमचं पत्रक चुलीत घातलं तर जळंना बी. लई चकचकीत कागद."

मामा खाटेवर बसले होते. मी निवेदन पुढं धरलं. आम्ही ठरल्याप्रमाणे सवारी उठवणार, असं त्यात होतं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली, परत दिलं.

"पोरीची सुपारी फुटली हाय, लगीन ठरलंय. सासरच्यांनी मोबाईलवर तू काढलेला फोटो बघितला अन् सोयरीक मोडायला निघाले. ह्यापुढं सवारी धरणार न्हाई, असा शब्द दिला, तवा थांबले."

"म्हणजे घाबरलात!" मी म्हणाले. आवाज चढला होता. "तुमच्यासारखे घाबरतात म्हणून त्यांचं फावतं."

"भेलो तर भेलो. तू उद्याच्या गाडीनं लातूरला. मला हितंच ऱ्हायचंय. पोरीला नांदायचंय."

निवेदन पिशवीत ठेवायला वाकले तेव्हा दिसलं, मामा अनवाणी होते. मोहरमचा चंद्र दिसला की सवारी धरणारा चप्पल घालत नाही, जमिनीवर झोपतो. शब्द सोयऱ्यांना दिला होता. पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिथून चाँदभाईंकडं गेले. ते मुजावर, म्हणजे पंजांची राखण करणारे. त्यांनाही त्यांच्याच समाजातल्या पोरांनी सवारी नको म्हणून बजावलं होतं. निवेदन त्यांनी हातातही घेतलं नाही.

"बेटा, सवारी नहीं उठती इस साल. किशन न्हाई, तो पंजा न्हाई."

"मग दुसरं कुणी उचलेल."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांना दुसरा भाऊ आणून देते म्हणाले होते.

आम्ही बोलत असतानाच मागच्या गोठ्याकडून किशनमामा आत आले. चोरासारखे, भिंतीला अंग घासत. मोहरमचा पाचवा दिवस होता. पंजा धुवायचा दिवस. चाँदभाई उठले. "तुम भाईर बैठो. अन् वो मोबाईल इधर देव."

मी मोबाईल दिला. दार लागलं, आतून कडी पडली.

मी ओट्यावर बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग मामांचा. "चिंच जरा जास्त लावा की, कंजूस!"

"पानी गिरा रहा, बुढ्ढे. नीट धर."

"बुढ्ढा तुमी. मी तुमच्याहून दोन साल ल्हान हाय."

मग पंजा घासल्याचा आवाज. एकानं नाक ओढलं. कुणी, ते कळलं नाही. रुक्मिणमामी पदराखाली झाकलेलं ताट घेऊन आल्या. मलिद्याचा (गूळ घालून कुस्करलेल्या पोळीचा) वास आला. त्यांनी कडी वाजवली, दार फटीएवढं उघडलं, ताट आत गेलं. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

त्या रात्री सवारी उठायची, ती उठली नाही. आशुरखान्यासमोरचा खड्डा, ज्यात दरवर्षी विस्तव फुलतो, थंडच राहिला. सकाळी मी मोबाईल घेतला, जीप धरली.

परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत भांडत होते, मनातल्या मनात, सगळ्यांशी. चोरून कराव्या लागणाऱ्या प्रेमाला मी सलोखा म्हणणार नाही. ज्यांनी त्या दोन म्हाताऱ्यांना कडी लावायला लावली, त्यांना माफी नाही. पण ती कडी घालणाऱ्या हातांत एक हात माझा होता. मी त्यांना विचारलं नव्हतं. फोटो काढताना 'जरा हसा' एवढंच म्हणाले होते.

लातूरला नवं पत्रक छपाईला तयार होतं. पहिल्या पानावर फोटोसाठी चौकोन आखलेला. छापखान्यातले काका थांबले होते.

"फोटो आणलाय ना, ताई?"

"नाही. चौकोन तसाच राहू द्या."

"मोकळी जागा बरी दिसत नाही हो."

"बरी दिसायला नकोच आहे," मी म्हणाले.