काकूच्या घरी पोट दुखत नाही

माझ्या पोरीला गहू चालत नाही, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट मी वाचायला लागले. बारावीपर्यंतचं इंग्रजी तिथं कामी आलं. आमच्या कुरुंद्याच्या दुकानात मी पाकीट उलटं धरून उभी राहिले की दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. अक्षर फार बारीक असलं तर मोबाइलने फोटो काढून मोठं करायचे. बिस्किटं, टोस्ट, शेवया तर बंदच केल्या. पण दुधात टाकायच्या चॉकलेटी पावडरीत जवाचं माल्ट असतं, तेही तिला चालत नाही, आणि काही चिप्सच्या मसाल्यातही गहू असतो, हे मी माझं मी शोधलं होतं. लेकराला एकटं वाटू नये म्हणून सगळं घर ज्वारीच्या भाकरीवर आणलं होतं.

तरी तिचं पोट दुखायचं थांबेना. जेवलं की फुगायचं. शाळेतून मधल्या सुट्टीतच घरी यायची आणि पोटाशी पाय घेऊन पडून राहायची.

दिवाळीच्या सुट्टीत धाकटी जाऊ तिला वसमतला घेऊन गेली. ही बाई कधी पाकिटाकडे ढुंकून बघणार नाही. जे आवडलं ते उचललं, असा तिचा बाजार. म्हणून मी पोरीकडूनच पाठ करून घेतलं, काय खायचं आणि काय नाही.

सुट्टी संपल्यावर पोरगी परत आली ती गाल भरून. आल्या आल्या सासूबाईंना म्हणाली, "आजी, काकूच्या घरी पोट दुखतच न्हाई."

"धाकटीच्या हाताला गुण हाय," सासूबाई म्हणाल्या.

मी चहा गाळत होते. पोरगी बरी दिसत होती याचा आनंद झाला, नाही असं नाही. पण ते वाक्य मला झोंबलं. इतके महिने मी वाचून वाचून डोळे फोडले आणि गुण हिच्या हाताला.

आठवडा गेला नाही तोच पोट पुन्हा दुखायला लागलं. पोरगी रडत म्हणाली, "मला काकूकडं सोड."

तिचे वडील म्हणाले, "राहू दे की तिला वसमतला. शाळा बी चांगली हाय तिथं."

 दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी वसमतला गेले. सांगितलं की बाजार करायचाय. खरं तर मला तिचा स्वयंपाक बघायचा होता.

जाऊ खूश झाली. "ताई, बसा, भाकरी टाकते." मी बसले नाही. ओट्याजवळ उभी राहून तिच्या हाताकडे बघत राहिले. तीच ज्वारी, तीच तुरीची डाळ. तेल तापलं, मोहरी, जिरं, लसूण, हळद पडली आणि तिने डाळ ओतली.

"हिंग न्हाई टाकला?" मी विचारलं.

"ह्यांना वासच सहन व्हत न्हाई. लग्न झाल्यापासून घरात आणलाच न्हाई."

ती पुढं काय बोलली ते मी ऐकलं नाही. जेवण कसंबसं उरकून बाजारात गेले आणि आम्ही वापरतो तीच हिंगाची डबी दुकानात मागून घेतली. पाठीमागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: खाद्य डिंक, गव्हाचं पीठ, हिंग. बिस्किटात गहू शोधला, चिप्समध्ये शोधला. हिंग मात्र मसाल्याच्या डब्यातली वस्तू, ती वाचायची असते हे मनातच आलं नव्हतं. मी रोज दोन्ही वेळा फोडणीतून तोच गहू तिला घालत होते.

घरी येऊन सगळ्यांना आणि फोनवर जावेलाही हिंगातल्या गव्हाचं सांगितलं, आणि घरातली डबी उकिरड्यावर टाकली. थोड्या दिवसांनी पोरगी शाळेतून पूर्ण वेळ करून यायला लागली. सासूबाई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "धाकटीकडं राहून बरी झाली."

संक्रांतीला जाऊ आली. तिच्यासमोरही सासूबाईंनी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना तेच सांगितलं. तिळगूळ वाटता वाटता ती सहज म्हणाली, "न्हाई हो आत्या, मला काय कळतंय त्यातलं. ताईंनीच शोधलं." आणि माझ्याकडे बघून हसली.

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला पाहिजे होतं तेच झालं होतं. पण ते तिच्या हातून मिळालं, आणि ती इतकी सहज देऊन मोकळी झाली, याचाच मला जास्त राग आला.

उन्हाळ्यात पोरगी पुन्हा वसमतला गेली. संध्याकाळी फोन करते. काय खाल्लं ते विचारलं की काकूच्या आमटीचं कौतुक सुरू होतं.

"आन् माझी?" मी एकदा विचारलं.

"तुझी पण चांगली असते," ती म्हणाली.

त्या 'पण'वर माझं मन अडकलं. मग मी तिला विचारलं, पोट कसं आहे. ती म्हणाली, बराबर आहे.