मावशीची ऐकण्याची नोकरी

एक पेशंट उठून गेला की मावशी समोरच्या खुर्चीवरची उशी उचलायची, दोन्ही हातांनी थोपटायची आणि पुन्हा नीट ठेवायची. "आधीच्याचा खड्डा पुढच्याला कशाला?" म्हणायची. मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात ती समुपदेशक होती. लोक तिच्यापुढे रडत, भांडत, कधी नुसतेच भिंतीकडे बघत बसत. ती ऐकायची.

मग दोन सहकारी नोकरी सोडून गेले आणि त्यांचेही पेशंट तिच्याकडे आले. बाहेरचं बाकडं पुरेना. उशी थोपटायचं राहून जाऊ लागलं. डबा तसाच परत यायचा. घरी तिचे यजमान, आमचे काका, म्हणायचे, "जगाचं ऐकतेस, मी मीठ मागितलं ते तेवढं ऐकू येत नाही!" ती हसायची, पण जरा उशिरा, जणू विनोद तिच्यापर्यंत लांबून चालत आला होता.

एका संध्याकाळी तिची लेक चिमणी तिच्यासमोर येऊन बसली. जिवाभावाच्या मैत्रिणीनं बोलणं टाकलं होतं, कॉलेजात पाऊल टाकावंसं वाटत नव्हतं. चिमणी रडत सांगत होती, मावशी मान हलवत होती. मध्येच तिची नजर घड्याळाकडे गेली आणि ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आज इथं थांबूया. पुढच्या आठवड्यात याच वेळेला या."

चिमणी ताडकन उठली. मग डोळे पुसून आत गेली.

त्यानंतर काहीही विचारलं तरी तिचं एकच उत्तर, "काही नाही गं आई." एका रात्री मावशी मला फोनवर म्हणाली, "मी तिच्याकडेच बघत होते गं. पण मला ती दिसत नव्हती. आता ती माझ्याशी बोललीच नाही तर?"

दुसऱ्याच दिवशी ती विभागप्रमुखांपुढे उभी राहिली. "संध्याकाळचे पेशंट मी आता घेणार नाही."

"मॅडम, मग देऊ कुणाकडे? माणसं काय झाडाला लागतात?"

"नाही लागत. मीही नव्हते लागले, सर."

ते कुरकुरले, पण मानले. बाहेर ताटकळणाऱ्यांची रांग त्यामुळे वाढली. त्याची टोचणी मावशीला होतीच. तरी ती वेळेवर निघाली.

घरी चिमणी वाळलेले कपडे पुढ्यात घेऊन बसली होती. मावशीही शेजारी बसून घड्या घालू लागली. एक ओढणी घडी करून ठेवत म्हणाली, "त्या दिवशी मी तुला पेशंट करून टाकलं."

"फी नाही घेतलीस, तेवढी दया केलीस," चिमणी फणकारली. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता ती सांगू लागली. "आई, ती ना... मला बघून सरळ दुसऱ्या बाकावर जाऊन बसली..."

मावशीनं मोठ्या चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली.

"धर नीट. हं, मग? तू काय म्हणालीस?"