ऋषीच्या पोटातला आवाज

माझ्या वडिलांना फोनवर बोलता यायचं नाही. बहिरे नव्हते, मुके तर मुळीच नव्हते. पेणच्या बाजारात भाव करायला लागले की भाजीवाली हात जोडायची. पण फोनचा रिसीव्हर हातात दिला की हा माणूस गप्प. कानाला लावायचे, समोरच्या काचेकडे बघत राहायचे आणि थोड्या वेळाने मेलेला उंदीर द्यावा तसा तो माझ्या हातात द्यायचे.

"अहो, बोला की!" मी ओरडायची.

"काय बोलू? समोर मानूस नाय. भोकात काय बोलायचं?"

तेव्हा घरोघरी फोन नव्हते. धाकटा भाऊ आखातात इलेक्ट्रिशियन होता, त्याला शुक्रवारी सुट्टी. एसटी स्टँडजवळच्या बूथवाल्याशी आमचं बोलणं झालेलं, भाऊ त्याच्या नंबरावर फोन करायचा. मी रोह्याहून दुपारच्या पॅसेंजरने यायची, बाबांचा डबा घेऊन. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा एकटेच हाताने करून खायचे, म्हणजे चहा आणि पोहे.

माझं तरी रोह्यात काय होतं? नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला. घरी आला की झोपायचा, उठला की जायचा. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. मूलबाळ नव्हतं. दिवसभर घरात माझ्याशी आवाज करणारा एक कुकर. म्हणून मी शुक्रवारची वाट बघायची, हे कबूल करते. बाबा तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं गपचूप खायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी हाय." झालं आमचं बोलणं! मग बूथवर जायचो आणि तिथेही गप्पच बसायचो.

भावाने मात्र त्या गप्पपणाचा भलताच अर्थ काढला होता. बाबा पेणला घरामागच्या शेडमध्ये गणेशोत्सवाचे हलते देखावे करायचे. प्लास्टरचे पुतळे, आत जुन्या गाड्यांच्या वायपरच्या मोटरी. कुणी मान हलवतोय, कुणी चवरी ढाळतोय. भावाने हे काम पुढे चालवावं असं त्यांना वाटायचं. तो आखातात गेला तेव्हा ते काही बोलले नाहीत, स्टेशनवरही आले नाहीत. त्यात हे फोनवरचं मौन.

"ताई, ते अजून रागावलेत माझ्यावर," तो म्हणायचा.

"अरे, राग कसला? त्यांना फोन जमत नाही."

"तुझ्याशी बोलतात ना? मग माझ्याशीच काय झालं?"

काय सांगणार कप्पाळ! माझ्याशी म्हणजे मीठ कमी हाय.

त्या वर्षी त्याचा करार संपत आला होता. त्याने मला स्पष्ट सांगितलं. बाबा एकदा जरी नीट बोलले तर उन्हाळ्यात घरी येईन, नाहीतर नवीन करारावर सही करून इथेच राहीन. "कुणाला नको असलेल्या घरी मी कशाला येऊ?" आणि फोन कट. मी बाबांना सांगितलं. ते नुसते हं म्हणाले आणि शेडमध्ये गेले. मला असा संताप आला की परतताना पॅसेंजर निडी स्टेशनात थांबून राहिली तर मी त्या गाडीलाही शिव्या घातल्या.

मग भावाने कॅसेट पाठवली, तिकडून परत आलेल्या एकाच्या हाती. निरोप असा, फोन जमत नसेल तर हे तरी ऐका. मी बाबांचा टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यावर ठेवला आणि लावली. भाऊ बोलायला लागला, "जेवलात का?" आणि पुढे शांत. मला वाटलं टेप अडकली. नाही! शहाण्याने उत्तरासाठी जागा सोडली होती. थोडं थांबून स्वतःच म्हणाला, "बरं झालं." मग, "गुडघा कसा आहे?" थांबला. "बरं झालं." असं सगळं. बाबांनी अर्धवट ऐकलं आणि उठून गेले. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, संपलं, हा काही येत नाही आता.

पुढच्या शुक्रवारी घरात पाऊल टाकलं तर शेडमधून दोन माणसांचं बोलणं ऐकू आलं. कोण आलंय म्हणून मी दाराशी गेले आणि तिथेच थांबले.

आमच्या शेडमध्ये एक ऋषी होता. कुठल्याशा मंडळाने आशीर्वाद देणारा ऋषी सांगितला आणि ऐनवेळी दुसराच देखावा केला, म्हणून तो आमच्याकडेच पडून होता. मांडी घातलेला, छातीपर्यंत पांढरी दाढी. मोटर चालू केली की उजवा हात घरघर करत वर जायचा, वर गेल्यावर मोटर जरा वेळ थांबायची, आणि मग हात खाली. ती थांबवायची करामत भावाने बसवली होती, जायच्या आधी. आणि हातही त्याचाच होता. बाबांनी साचा त्याच्या हातावरून काढला होता. लहानपणी दाराच्या फटीत सापडून वाकडी झालेली करंगळीसुद्धा जशीच्या तशी आली होती.

बाबांनी टेपरेकॉर्डर त्या ऋषीच्या पोटात बसवला होता, मोटर आणि टेप एकाच बटणावर, आणि समोर पाट टाकून बसले होते.

"गुडघा कसा आहे?" ऋषी म्हणाला.

"कसा असनार? जिना चढताना जीव जातो."

"बरं झालं."

"बरं झालं म्हनतोस मुडद्या?" आणि बाबा हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हात वर गेला की त्याकडे बघून ते बोलायचे. काय काय बोलले! पावसात शेडचं पत्र्याचं छप्पर उडालं ते. रंगाचं काम आता डोळ्यांना झेपत नाही ते. स्टेशनवर आलो नाही कारण गाडीतला तू दिसेनासा झालेला मला बघवला नसता, हे. मी दाराबाहेर उभी राहून रडले. आणि खरं सांगते, रागही आला. मी इतकी वर्षं हाडामासाची समोर बसतेय, मला छप्पर उडाल्याचंही माहीत नव्हतं.

"दाढी तरी भादरा त्याची," आत जाऊन मी म्हटलं. बाबांनी गडबडून मोटर बंद केली आणि विचारलं, "डबा आनलास काय?"

पण माझ्या डोक्यात आलं, हे भावाला ऐकवायला हवं. पुढच्या खेपेला मी रोह्याहून माझा टेपरेकॉर्डर आणला, कोरी कॅसेट घातली आणि ऋषीच्या पाठीमागे काथ्याच्या ढिगात लपवला. अगदी जवळ, म्हणजे एक शब्द सुटायला नको. बाबा बसले, पोटभर बोलले. मी स्वयंपाकघरात बसून देवाला हात जोडत होते. कॅसेट तशीच, न ऐकता, सुट्टी संपवून तिकडे निघालेल्या माणसाबरोबर पाठवली. घाईत होता तो, आणि मला तर त्याहून घाई.

मग तीनचार शुक्रवार काहीच नाही. बूथचा फोन वाजायचा तो दुसऱ्यांसाठी. आम्ही बाकावर बसून परत यायचो. एकदा वाजला तो आमचा.

"ताई, काय पाठवलंयस हे? पिठाच्या गिरणीत गेली होतीस?"

"म्हणजे?"

"नुसती घरघर! पहिल्यापासून शेवटपर्यंत."

ती मोटर! ऋषीच्या पाठीतच तर होती, आणि मी शहाणीने टेप नेमका तिला चिकटवून ठेवला होता. बाबांचं सगळं बोलणं तिने खाल्लं होतं.

"मधेमधे थांबते," भाऊ पुढे म्हणाला. "थांबली की बाबा ऐकू येतात. तुटक. एक तेवढं नीट कळलं. 'जेवलास काय रे?' म्हणाले. कोण आलं होतं गं जेवायला? किती मायेने विचारत होते. मला कधी..."

"अरे गाढवा, तुलाच! तुलाच विचारत होते!" मी इतक्या जोरात ओरडले की बूथवाला उठून उभा राहिला. ऋषी, पोट, कॅसेट, सगळं धडाधड सांगून टाकलं.

"त्यांना दे," तो म्हणाला.

मी बाबांना आत ढकललं आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. झालं, पुन्हा तेच! गप्प, काचेकडे नजर. ओठ हलायचे, आवाज नाही. मला वाटलं आता भाऊ फोन ठेवणार आणि तिकडे जाऊन सही करणार. काय सुचलं देव जाणे, मी बाहेर काचेसमोर उभी राहिले आणि उजवा हात हळूहळू वर उचलला, तळवा पुढे करून. वर नेऊन थांबवला. करंगळीसुद्धा वाकडी केली.

बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं.

"जेवलास काय रे?" ते म्हणाले.

मग सुटलेच. अडले की मी हात खाली घ्यायची आणि पुन्हा वर न्यायची. एसटीची माणसं बघत होती, बूथवाल्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. हसू दे. माझा खांदा भरून आला, पण मी हात सोडला नाही. बाबा माझ्या तळव्याशी बोलत होते, तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

"येतोय," बाहेर येऊन ते म्हणाले. "उन्हाळ्यात येतोय. सही नाय करत म्हनाला." घरापर्यंत बोलत होते. खोली रंगवायची, गादी पिंजून घ्यायची, त्याला सुकट आवडते. मी शेजारून चालत होते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. डबा भरण्याच्या आणि गाडीच्या घाईत राहूनच गेलं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "मला पण विचारा की कधी, जेवलीस का म्हणून."

ते थांबले. खरंच गोंधळले. "तुला काय विचारायचं, बाय? तू तर हितंच हायस."

आणि शेजाऱ्यांना बातमी सांगायला गेले. वाईट नाही वाटलं असं कसं म्हणू? खूप वाटलं. गाडीला वेळ होता. माझी पिशवी शेडमध्ये राहिली होती ती घ्यायला गेले. ऋषी तसाच बसला होता. बाबा कॅसेट नेहमी पहिल्यापासून लावून ठेवायचे. मी पाटावर बसले आणि बटण दाबलं. घरघर करत हात वर गेला आणि थांबला.

"जेवलात का?" भाऊ म्हणाला.

"नाही रे," मी म्हटलं. "अजून नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि हात खाली आला.