हौसरावांचे काळे भालदार

वरवंडचे हौसराव लग्नघराच्या भिंती रंगवीत असत. दाराच्या दोन्ही बाजूंस भालदार, वर समोरासमोर दोन हत्ती व खाली वधूवरांची नावे. त्यांचे वडील मेंढरे राखीत. हौसरावांनी मात्र शेती केली आणि लग्नसराईत कुंचला धरला. त्यांच्यासारखा हत्ती भांडगावापर्यंत कोणी काढीत नाही, असे लोक म्हणत, आणि हौसराव ते खरे मानीत.

सन एकोणीसशे सत्त्याण्णवच्या सुमारास शिरूरच्या इनुस पेंटरांनी दुकानात एक चित्र टांगले. ते एका कारखान्याच्या जर्मन कॅलेंडरातील होते. चारशे वर्षांपूर्वी तिकडच्या कोणा चित्रकाराने ते नुसत्या लेखणीने व शाईने काढले होते. वठलेले रान, झाडांच्या मुळांना माणसांची तोंडे, बोकडावर बसलेली चेटकीण आणि मरतुकड्या घोड्यावर हाडांचा सापळा. एसटीतून उतरलेली माणसे ते पाहण्यास मुद्दाम थांबत.

हौसरावही गेले व पुष्कळ वेळ उभे राहिले.

"कसं वाटतं, आबा?" इनुसांनी विचारले.

"घोड्याला चारा घाल जरा," असे म्हणून ते निघाले.

त्यांना चैन पडेना. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई एकदा जेवताना म्हणाल्या, "इनुसच्या दुकानातला सापळा जित्ता वाटतो म्हणं."

"तो काय इनुसनं काढलाय व्हय?"

"न्हाई. पर टांगला त्यानंच की."

हौसरावांनी ताट सरकवले.

पुढच्या वर्षी गावातल्या मल्हारींच्या मुलीचे, प्रतिभाचे लग्न ठरले व भिंतीचे काम हौसरावांकडे आले. त्यांनी साळिंदराच्या काट्याचे टोक चिरून लेखणी केली, शाईसाठी काजळात डिंक खलला आणि पोत्यांचा आडोसा करून काम केले. लग्नाच्या आदल्या सकाळी त्यांनी पोती काढली. भालदारांच्या बरगड्या दिसत होत्या. हत्तींच्या सुरकुत्यांतून चेहरे डोकावत होते. सर्व काळ्या, केसासारख्या बारीक रेघांत होते.

प्रतिभाची आजी धुरपदाबाई म्हणाल्या, "आरं हौशा, लगनाच्या दारात काळं? ह्ये भालदार हायती का यमाचं दूत?"

मल्हारींनी चुना कालवला व शिरूरला इनुसांकडे निरोप धाडला. दुपारी इनुस मोटारसायकलवर रंगाचे डबे बांधून आले. भिंत पाहताच ते डबे सोडायचे विसरले.

"आबा, ही रेघ कशानं मारली? वर्ष झालं त्या चित्राकडं बघून गिरवतोय. मला न्हाई जमली."

 हेच ऐकण्यासाठी हौसरावांनी सर्व केले होते.

"मल्हारीमामा, घटकाभर राहू द्या," इनुस म्हणाले. "कागदावर उतरून घेतो, मग चुना मारू."

"घे बाबा, पर लवकर," मल्हारी म्हणाले.

इनुसांनी खिशातून पेन्सिल काढली. आता हेही इनुसांच्याच दुकानात टांगले जाणार, हे जाणून हौसरावांनी स्वतः चुन्याची बादली उचलली आणि भालदाराच्या तोंडापासून चुना मारण्यास सुरुवात केली.

"आबा, थांबा की."

"काय ठेवलंय त्यात," हौसराव म्हणाले.

ओल्या चुन्यातून रेघा अजून दिसत होत्या. त्यांनी लगेच दुसरा हात मारला.