होडीचं तेल

पावसाळ्यात आमची होडी ओढून वाळूवर घेतली की बाबा तिला तेल पाजायचे. ‘लावायचे’ असं आमच्याकडे कोणी म्हणत नसे, पाजायचेच. मुशी म्हणजे तो मोठा दातवाला मासा. तिचं काळीज, म्हणजे यकृत, वितळवून काढलेलं तेल वर्षभर मडक्यात साठवलेलं असायचं. फळ्या पाण्यानं कुजू नयेत म्हणून बाबा ते फडक्यानं चोळत बसायचे आणि साऱ्या कोळीवाड्यात त्याचा वास सुटायचा. मी नाक दाबून पळायची. ज्या वर्षाबद्दल सांगते आहे, त्या वर्षी आमच्या होडीची तब्येत उत्तम होती. माझीच बिघडली होती.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. आमचा कोळीवाडा रेवसच्या धक्क्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. मी तिसरीत होते. शिमग्याच्या सुमारास मला गोवर झाला. गोवराला आमच्याकडे आजार म्हणत नसत. देवी अंगावर आली म्हणत, आणि घरी आलेल्या पाहुणीसारखा तिचा मान राखत. दाराला कडुनिंबाचे डहाळे, चुलीवर फोडणी नाही, घरात म्हावरं म्हणजे मासळी नाही. माझ्याकडे आलेली पाहुणी जायचं नाव घेईना. माझ्या आधीचा एक भाऊ अशाच तापात गेला होता, त्यामुळे आईचा धीर सुटला. माझ्या उशाशी बसून तिनं नवस बोलला, “माजी पोर उटव, आये. वर्सभर हिच्या तोंडाला म्हावरं लावनार न्हाय.”

मी उठले. आईनं देवीची ओटी भरली आणि नवस पाळायला सुरुवात केली.

आता कोळ्याच्या घरात म्हावरं सोडलं की ताटात उरतं काय? आम्ही मासे विकून तांदूळ आणणारी माणसं. भाजीपाला म्हणजे बागायतदारांचं खाणं, अशी आमची समजूत होती. घरचे सगळे बोंबलाच्या कालवणाशी भात कालवायचे आणि मी भात, मीठ आणि चिंचेचं पाणी. भात मात्र आई मला सगळ्यांपेक्षा जास्त वाढायची. तिची माया भाताच्या ढिगात दिसायची. मी कुरकुर केली की ती माझ्या तोंडावर हात ठेवायची. देवी ऐकते, म्हणायची.

पावसाळा लागला आणि संध्याकाळी काहीतरी बिघडायला लागलं. आधी मला वाटलं, यंदा अंधार लवकर पडतोय. मग लक्षात आलं, अंधार फक्त माझ्यासाठी लवकर पडतोय. इतर पोरं अंगणात गोट्या खेळत असायची, त्यांना गोट्या दिसायच्या, आणि मला ती पोरंसुद्धा दिसत नव्हती. नुसते आवाज. दिवा लावला की दिव्याची ज्योत दिसायची, दिव्याशेजारी बसलेली आई दिसायची नाही. सकाळी सगळं जागच्या जागी. म्हणून तर जास्त भीती वाटायची. रोज सकाळी मी डोळे उघडून आधी आढ्याकडे बघायची, आणि आढं दिसलं की रडू यायचं.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? माझी पक्की खात्री झाली होती की मी चोरून एकदा सुक्या जवळ्याची, म्हणजे बारीक कोलंबीची, चिमूट तोंडात टाकली होती, ती देवीनं पाहिली आणि ती आता माझे डोळे परत घेते आहे. एका दमात नाही, रोज थोडे थोडे. आईला सांगावं तर आई काय करणार, हेही मला ठाऊक होतं. ती आणखी एका वर्षाचा नवस बोलणार.

शिवाय पलीकडच्या आळीत एक आंधळी बाई होती. तिला कोणी छळत नसे, उलट सगळे तिच्याशी गोड बोलत. ती दिवसभर पडवीत बसून हातानं चाचपत जवळा निवडायची. ती पडवी सोडून ती कुठे गेलेली मी कधीच पाहिली नव्हती. मला शाळा आवडत होती, हे आधी सांगायला हवं होतं. कोळीवाड्यातून शाळेत जाणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यात मी वाचनात सगळ्यांच्या पुढे. आणि संध्याकाळी जमिनीवर हात टेकत मोरीपर्यंत जाताना मला ती पडवी आठवायची.

तेव्हा मी सोंगं करायला शिकले. भिंतीला हात लावून चालायचं आणि कोणी विचारलं तर खेळतेय म्हणायचं. ताटात काय कुठे आहे ते बोटांनी शोधायचं. शाळा सुटल्यावर मैत्रिणीच्या वेणीला धरून चालायचं. ती चिडायची, मी हसायची. ते हसणं किती खोटं होतं ते माझं मलाच माहीत.

शाळा आणि कोळीवाडा यांच्यामध्ये खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी दलदल, होतं, आणि खाजणावरून जायला मातीचा एक बांध. भरती आली की बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं, वर्गात मला फळा राखाडी दिसत होता. शाळा सुटली तेव्हा पाऊस थांबला होता आणि वेणीवाली मैत्रीण त्या दिवशी आलेलीच नव्हती. बाकीची पोरं ओरडत बांधावरून पळाली. मी त्यांच्या आवाजामागे निघाले. आवाज पुढे गेले, लहान झाले, संपले.

बांधाच्या मध्यावर मला काहीच दिसेना. पुढे काही नाही, मागे काही नाही. फक्त पाणी चढत होतं त्याचा आवाज, डावीकडून आणि उजवीकडून. मी पाय पुढे टाकला तर तो मऊ चिखलात गेला. मी खाली बसले, पाटी पोटाशी धरली आणि एका हातानं माती चाचपत रांगायला लागले. आयुष्यात नंतर पुष्कळ भीती वाटली, पण त्या बांधावरच्यासारखी नाही. मला वाटत होतं की रात्र झाली आहे, सगळं जग झोपलं आहे, आणि मी बुडाले तर सकाळपर्यंत कोणाला कळणार नाही.

“अगं, काय शोधतेस? पाटीची पेन्सिल पडली का?” मागून गुरुजींचा आवाज आला.

मी आवाजाकडे तोंड केलं. “गुरुजी, कंदील आना ना,” मी म्हणाले.

त्यांची पावलं जवळ आली. मग अगदी हळू म्हणाले, “कंदील कशाला, बाळ? अजून चांगला उजेड आहे.”

त्यांचं ते वाक्य ऐकून मी मोठ्यानं रडायला लागले. तोपर्यंत मला कुठेतरी आशा होती की अंधार सगळ्यांनाच आहे.

गुरुजींनी मला हाताला धरून घरी आणलं. ते किहीमकडच्या बागायतदार घरातले, नारळ-सुपारीची वाडी असलेले. मासा त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता आणि आमच्या वस्तीत शिरताना ते उपरण्याचं टोक नाकाशी धरत. त्यावरून आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो. त्या संध्याकाळी मात्र त्यांचा एक हात माझ्या हातात होता आणि दुसऱ्यात छत्री, त्यामुळे उपरणं राहिलं. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आईला विचारलं, “हिला गोवर कधी झाला होता? आणि तेव्हापासून ही खाते काय?”

आईनं सगळं सांगितलं, नवससुद्धा. गुरुजींनी मान हलवली आणि अलिबागच्या दवाखान्यात विचारून येतो, एवढंच बोलून ते गेले.

ते गेल्यावर आईनं माझ्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या, हात दिसला नाही. “कदीपासून गो?” तिनं विचारलं. मी सांगितलं. ती कपाळ बडवून घ्यायला लागली आणि मला जी भीती होती तेच झालं. “नवसात कायतरी चुकलं. आनखी एक वर्स बोलते,” ती बाबांना म्हणाली. बाबांनी कशीबशी समजूत घातली, गुरुजी येईपर्यंत थांब म्हणाले. ते दिवस मी कसे काढले, सांगता येत नाही. संध्याकाळ व्हायला लागली की मी आईच्या पदराला गाठ मारून ती मुठीत धरायची.

गुरुजी रविवारी आले. पिशवीतून त्यांनी एक बाटली काढली आणि बूच उघडलं. बाबा दारात जाळं शिवत बसले होते, त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “ह्ये तं होडीचं तेल!”

खरंच तोच वास. साफ केलेलं, गाळलेलं, पण मुशीच्या काळजाचंच. गुरुजींनी लपवाछपवी केली नाही. “माशाचंच आहे. खोटं सांगून पाजणार नाही. डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगात जे कमी पडलंय ते यात आहे. आत्ता फक्त संध्याकाळचं दिसणं जातंय. असंच चाललं तर बुबुळं पांढरी होतील. मग दिवसाचंही जाईल, आणि गेलेलं परत येत नाही.”

बाबांच्या हातातली सुई थांबली. “मडकं भरून होडीला पाजलं,” ते स्वतःशीच म्हणाले, “आन् पोरीला न्हाय.”

आई मात्र माझ्यापुढे उभी राहिली, बाटली आणि मी यांच्या मधे. “न्हाय गुरुजी. पाया पडते तुमच्या. एक पोरगा देवीनं नेलाय. हिच्या पोटात म्हावऱ्याचा थेंब गेला तं ती हिलाबी नेईल. आंदली तं आंदली, पन जित्ती तं राहील.”

मी तिच्या मागे उभी होते आणि तिचं लुगडं धरलं होतं. मला दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. तेल घेतलं तर मरणार, नाही घेतलं तर ती पडवी. माझ्याएवढ्या पोरीनं यातलं काय निवडावं?

गुरुजींनी बाटली खाली ठेवली. मग त्यांनी आमच्याकडे चमचा मागितला. तो काठोकाठ भरला, डोळे मिटले आणि स्वतः प्यायले. जानवं घातलेला, जन्मात अंड्यालाही न शिवलेला तो माणूस. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओकारी आवरायला त्यांनी तोंडावर उपरणं दाबलं. एरवी मी हसले असते.

“माझाही नेम होता, बाई,” श्वास आल्यावर ते म्हणाले. “मोडला. पाप असेल तर माझ्या वाट्याचं मी घेतलं. आता तुम्ही बघा.”

आईनं त्यांच्या हातातला चमचा घेतला. मग आत गेली, देवीच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली आणि आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, “आये, तुला नेमच पायजे ना? मग तो आता माजा. हिच्या बदली म्हावरं मी सोडलं. वर्साचं न्हाय, जन्माचं. हिच्याकडं आता बघू नको. काय घ्यायचं ते माज्याकडनं घे.”

बाहेर येऊन तिनं चमचा भरला आणि माझ्या तोंडात घातला. अर्धं तेल माझ्या गळ्यावर सांडलं.

ती रात्र आई माझ्या छातीवर हात ठेवून जागी बसली, असं बाबांनी नंतर सांगितलं. मी मेले नाही. चमचे चालू राहिले, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी अंगणात बसलेली असताना मला आमचा कुंपणाचा निवडुंग दिसला. मग कुंपणापलीकडचा बांध. आणि बांधावरून डोक्यावर सुक्या म्हावऱ्याची टोपली घेऊन येणारी एक बाई. ती माझी आई आहे हे मला चालीवरून नाही, चेहऱ्यावरून कळलं. मी ओरडत सुटले.

त्या रात्री घरात बोंबलाचं कालवण झालं. आईनं माझं ताट भरलं आणि स्वतःच्या ताटात भात, मीठ आणि चिंचेचं पाणी घेतलं. पुढच्या हंगामात बाबांनी मुशीचं काळीज वितळवलं तेव्हा पहिलं वाडगं माझ्यासाठी बाजूला निघालं आणि मग होडीला मिळालं. म्हावरं सोडून आईचे डोळे जाऊ नयेत म्हणून गुरुजी आपल्या वाडीतल्या शेवग्याचा पाला तिच्यासाठी पाठवत, तो ती हसत शिजवायची. मासे विकणं तिचा धंदा होता, तो तिनं सोडला नाही. भाव करायची, कापून द्यायची, घरच्यांना रांधून घालायची. कालवणाची चव मात्र ती घेत नसे. “मीठ बघ गो,” म्हणून मला हाक मारायची.

माझे डोळे आले, पण भीती गेली नाही, फक्त तिची जागा बदलली. देवीला तिनं सांगितलं होतं, काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. ते मी ऐकलं होतं. त्यामुळे ट्रेनिंग कॉलेजला जायला घर सोडेपर्यंत, रोज दिवेलागणीला मी बांधाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची आणि ती दिसली की लांबूनच ओरडायची, “आये, मी दिसते का?”

“दिसतेस गो, दिसतेस,” ती म्हणायची.

ते मी कधी खरं मानलं नाही. ती बांध उतरून अंगणात येईपर्यंत मी तिच्या पावलांकडे बघत राहायची.