कातडीच्या वर्गाचा मास्तर

पंचेचाळिसाव्या वर्षी हरिबाला कुणीतरी 'मास्तर' म्हणालं, आणि गडी त्या दिवशी घरी जाऊन जेवलाच नाही. पोटच भरलं होतं त्याचं. अहो, का भरू नये? जन्मभर 'ए हरिबा, पायताण झालं का रं?' एवढंच ऐकलेलं. मोटा शिवल्या, वहाणा शिवल्या, लढाईच्या वर्षांत पुण्याच्या छावणीत पलटणीच्या खेचरांची खोगिरं शिवली आणि येताना साहेबाच्या सहीचा कागद आणला. तो कागद बघून हायस्कुलानं त्याला बोलावलं. शाळेचं नाव मी सांगत नाही. कडेगावच्या अंगाला होती, एवढं पुरे.

साल अठ्ठेचाळीस. स्वराज्याला वर्ष व्हायला आलं होतं आणि शाळांतून नवं वारं शिरलं होतं. नुसती घोकंपट्टी पुरे झाली, पोरांच्या हाताला उद्योग द्या! जूनमध्ये हेडमास्तरांनी गाव गोळा करून भाषण केलं. शेती, सुतारकाम आणि चर्मकाम असे तीन वर्ग निघणार. आठवीची पोरं वर्षभर शिकणार. ज्याचा हात त्या कामात बसेल तो उद्योग शाखेत जाणार आणि दोन वर्षांनी दाखला घेऊन बाहेर पडणार. त्याला मॅट्रिक नाही. बाकीचे मॅट्रिकच्या वाटेनं. "इथं जातपात नाही. ज्याला जे आवडेल ते त्यानं शिकावं," असं म्हणून त्यांनी हरिबाला सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवलं. बिचारा टोकावर टेकला होता, पण टेकला होता.

पहिल्या दिवशी अकरा पोरं आली. हंबीरराव पाटलाचा थोरलासुद्धा होता त्यात, कातडं कापायची रापी कशी धरायची ते मोठ्या हौसेनं विचारत होता. दुसऱ्या दिवशी पाटील स्वतः शाळेत येऊन गेले. तिसऱ्या दिवशी वर्गात आठ पोरं होती आणि आठही आसपासच्या चांभारवाड्यांतली. त्यातल्या दोघांनी तर सुतारकामाला नाव दिलं होतं, त्यांना परस्पर इकडं वळवलेलं.

"सायेब, ही तर समदी आमचीच पोरं हायती," हरिबा हेडमास्तरांना म्हणाला.

"अहो, रक्तातच आहे त्यांच्या. लवकर शिकतील."

माणूस वाईट नव्हता हो. खादी घालायचा, हरिबाच्या घरचं पाणी प्यायलेला. पण रक्ताचा न्याय बघा कसा! ज्यांच्या रक्तात नांगर ती पोरं वकील व्हायच्या वाटेला, आणि ज्यांच्या रक्तात रापी ती रापीलाच. हे हरिबा मनातल्या मनात म्हणाला. तोंडावर म्हणायची छाती झाली नाही, मास्तरकी नवी होती.

त्या आठांत जोतीराम होता. साळूबाईचं एकुलतं एक पोर. बाप लढाईत बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही. काय हात होता पोराचा! हरिबाला जे जमायला तीस वर्षं लागली ते या पठ्ठ्यानं दिवाळीच्या आत उचललं. कातडं पुढ्यात आलं की हा कंपास काढायचा, कागदावर आकृत्या मांडायचा, आणि शेवटी कातरण उरायचं ते मुठीत मावेल एवढंच. "गुरुजी, हितनं तिरकं कापलं तर अजून एक टाच निघती बगा," म्हणायचा, आणि खरंच निघायची. हरिबाचं एकही मूल जगलं नव्हतं. संध्याकाळी तो बायकोला, मनुबाईला सांगायचा, "आगं, माझी इद्या माझ्यासंगं मसणात जायाची न्हाई आता."

दिवाळी झाली आणि एक दिवस साळूबाई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आवं दादा, तुमी मास्तर झालासा तवा मी आळीत साखर वाटली. पर माझं पोर ह्यातनं सुटावं म्हून मी त्येला शाळंत घातलं व्हतं. गणितात पैला येतोय त्यो. आन शाळंनंच त्येला परत हितं आणून बसवावं व्हय?"

ती बोलली त्यात खोट कुठं होती? तो वर्गातल्या खुर्चीवरून उठला की शिपाई ओल्या फडक्यानं ती खुर्ची पुसून घ्यायचा, हे त्यानं जुलैतच पाहिलं होतं आणि घरी कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या जोतीराम कितीही मोठा कारागीर झाला तरी ते फडकं त्याच्या मागं येणारच होतं.

तो उठला आणि हेडमास्तरांकडं गेला. "सायेब, तेवढ्या जोतीरामला मॅट्रिकला ऱ्हाऊ द्या."

"काय बोलता, हरिबा! हातात सोनं आहे त्याच्या. मार्चमध्ये साताऱ्याहून शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येतील तेव्हा त्यालाच पुढं करायचा. त्याचं काम बघून वर्ग कायमचा मंजूर होईल, तुमची जागाही पक्की होईल. आणि त्या मुलालाच विचारा की, तो काय म्हणतो!"

हरिबानं विचारलं. पोराचे डोळेच भरून आले. "माझं काय चुकलं, गुरुजी? मी तुमच्याच वर्गात ऱ्हाणार."

घ्या! चौदा वर्षांचं पोर, माया करणारा गुरू भेटलेला, तो दुसरं काय म्हणणार? आता आडवं येत होतं ते पोराचं कसबच. हात चांगला म्हणून शाळा सोडत नव्हती, आणि गुरू चांगला म्हणून पोर सोडत नव्हतं.

मार्चात दिपोटी आले. टेबलावर पोरांची कामं मांडली होती. जोतीरामनं दप्तर शिवलं होतं, दोन कप्प्यांचं, टाका न् टाका सारखा. दिपोटींनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे आठवीच्या मुलानं केलं?" हेडमास्तरांनी जोतीरामला पुढं केलं. पोरानं हसून हरिबाकडं पाहिलं.

"न्हाई सायेब," हरिबा म्हणाला. "मी केलंया त्ये."

दिपोटींनी दप्तर खाली ठेवलं.

"त्या पोराला आरी धरायला येत न्हाई. लय सांगून बगितलं, हात बसत न्हाई त्येचा. तुमी येनार म्हून मीच शिवून ठेवलं."

"गुरुजी?" जोतीराम म्हणाला. मग एकदम ओरडला, "सायेब, खोटं हाय! मी करून दावतो!"

दिपोटींनी आरी त्याच्या हातात दिली. सगळी शाळा बघतेय, आणि ज्याला देव मानला त्यानंच चोर ठरवलेलं. पोरानं कातड्याकडं न बघता हरिबाकडंच बघत आरी दाबली, आणि पहिल्याच टाक्याला ती बोटात घुसली. रक्ताची धार लागली. हरिबानं जीभ दाताखाली घट्ट धरली. सुटली असती तर सगळं सांगून बसला असता.

हेडमास्तरांनी आजवर तयार काम तेवढं पाहिलं होतं, पोराला शिवताना कधी नाही. कागदावर 'अयोग्य' असा शेरा पडला. जोतीराम मॅट्रिकच्या वाटेला लागला. साहेबांची फसवणूक केली म्हणून हरिबाला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं, आणि सांगलीहून दुसरा मास्तर आणला. उरलेली सात पोरं तिथंच राहिली. सातांची नावं हरिबा पुढं कितीतरी दिवस मनाशी म्हणत बसायचा. सगळ्यांना 'येत नाही' म्हटलं असतं तर कुणी विश्वास ठेवला असता? एकच सोडवता आला, एकच.

साळूबाईला तरी खरं सांगावं, असं मनुबाईचं म्हणणं. हरिबानं साफ नाही म्हटलं. ते पोराच्या कानावर गेलं की पोर धावत हेडमास्तरांकडं जाणार, खरं काय ते सांगणार आणि परत त्या वर्गात येऊन बसणार. तसलाच होता तो. मग हरिबा पुन्हा रस्त्याकडेला वहाणा शिवायला बसला. मास्तरानं लेकराच्या कामावर आपलं नाव लावलं, असं आळीतली माणसं त्याच्या तोंडावर बोलायची. तो ऐकून घ्यायचा.

जूनमध्ये शाळा उघडली. एका सकाळी जोतीराम बीजगणिताचं पुस्तक काखेत मारून त्याच्यासमोर येऊन थांबला. पोर उंच झालं होतं.

"का केलंसा तसं?"

"आलं मनात, केलं," हरिबा खाली बघत म्हणाला. "जा. शाळंची येळ झाली."

"माझं काम तुमी चोरलंसा."

"व्हय. चोरलं."

पोराला हे उत्तर नको होतं. काहीतरी दुसरं ऐकायला आलं होतं ते. मग म्हणालं, "मला तुमच्यावानी व्हायचं व्हतं."

आणि शाळेच्या रस्त्याला लागलं. मागं वळून बघितलं नाही त्यानं.

हेच तर हवं होतं हरिबाला. यासाठीच तर सगळं केलं. पण मनुबाई भाकरी घेऊन आली तेव्हा भर रस्त्यावर तो लहान पोरासारखा रडत होता, आणि काय झालं म्हणून तिनं दहादा विचारलं तरी सांगत नव्हता.