बुडाले तर बुडाले, असं मी सांगितलं

मुंबईत मी मर्चंट बँकर झाले, तेव्हा गावी, मुकुंदवाडीत, आई सगळ्यांना एवढंच सांगायची, "पोरगी बँकेत हाय." मग मी घरी आले की शेजारणी पासबुकं घेऊन यायच्या. कंपन्यांना लोकांकडून भांडवल उभं करून देणं हे माझं काम. ते कुणाच्या गळी उतरायचं नाही.

ऐंशीच्या दशकात माझ्या गावचंच काम माझ्याकडे आलं. आमच्याकडच्या क्रांती चौकाजवळ एका लेथ मशीनवर सुरुवात केलेले एक चाचा आता शहराबाहेरच्या शेडमध्ये पंपाचे सुटे भाग बनवत होते. त्यांना दुसरी शेड बांधायची होती. कर्ज मात्र नको होतं. मी शेअर विकायचं सुचवलं, तर त्यांनी विचारलं,

"बेटी, लोक मालक झाले तर मी कोण?"

"तुम्हीपण मालकच. फक्त हिशोब सगळ्यांना द्यावा लागंल."

"हिशोबाला काय भ्यायचं?" ते हसले आणि तयार झाले.

एका मंगल कार्यालयात सभा ठेवली. मुंबईहून आलेल्या माझ्या साहेबांनी झकास भाषण केलं. लोकांनी चहा घेतला, पण शेअरचा अर्ज कुणी उचलेना. शेवटी कन्नड तालुक्यातल्या, ऊस पिकवणाऱ्या एक बाई उभ्या राहिल्या.

"कंपनी बुडली तर आमचे पैसे मिळतेत का?"

सांभाळून बोल, असं साहेब मला डोळ्यांनी खुणावत होते. पण मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

"नाय मावशी. बुडाले तर बुडाले. घरात लागणारा पैसा यात घालू नका."

साहेबांचा चेहरा पडला. तेवढ्यात चाचा उठले. "उद्या कारखाना बघायला या. मशीन बघा, कामगारांना काय इचारायचं ते इचारा. मी मधी येणार नाय."

दुसऱ्या दिवशी लोक खरंच आले, एसटीनं, जीपनं. मावशींनी एका कामगाराला गाठलं. "पगार टायमाला व्हतो का?"

"व्हतो की."

त्यांनी तिथंच अर्ज मागून घेतला. त्यांचं बघून बाकीचेही पुढं आले. विकायला काढलेले सगळे शेअर खपले, इश्यू पूर्ण भरला.

दुसरी शेड उभी राहिली, त्या दिवशी भागधारक नव्या घरात फिरावं तसे आत फिरत होते. शेजारच्या प्लॉटवरचा कारखानदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्याडम, आमचं बी भांडवलापायी लई दिवसांपासून अडलंय. बघता का?"

मी परतीचं तिकीट रद्द केलं.